दोन हातांची मापं

"हाच बुश तुम्ही मोजला तर मोठा भरतो, बाईंनी मोजला तर बरोबर. मी खरं काय धरायचं?"

पुण्याच्या पंप कंपनीचे साहेब मशीनमधून नुकताच पडलेला नायलॉनचा बुश, पंपाच्या दांड्यावर बसणारी कडी, टेबलावर ठेवून गहिनीनाथकडे पाहत होते. नगरच्या त्या छोट्या कारखान्यात तपासणीला दोघंच होते, तो आणि पुष्पावती. जाडी मोजायचा मायक्रोमीटर एकच, तरी आकडे जुळत नव्हते.

मालक राधाकृष्णशेठ घाईनं म्हणाले, "दोष मशीनवरच्या माणसाचा आहे. फक्रुद्दीन बुश गरमच काढतो, म्हणून माप हलतं. शनिवारी त्याला कमी करतो. यापुढं मोजमाप एकट्या बाईच करतील."

"शनिवारी येतो मी. तेव्हा बघू," साहेब म्हणाले आणि गेले.

फक्रुद्दीन आणि गहिनीनाथ कर्जतकडचे, एकाच गावचे. यंदाही तिकडं पेरा वाया गेला होता. काम सुटलं की दुष्काळी कामावर खडी फोडायची, एवढंच हाती उरायचं. फक्रुद्दीनची बायको जहिरा आधीच तिथं होती. तिच्या हातांची सालटं निघाली होती.

"तुला जाऊ देनार न्हाई मी," गहिनीनाथ म्हणाला.

"जाऊ दे रं. शेठ म्हनत्यात ते बरूबर हाय. माजाच हात चुकतोय."

"इतक्या वर्सांत न्हाई चुकला त्यो?"

फक्रुद्दीननं मान फिरवली.

गहिनीनाथ इरेला पेटला. त्यानं मशीनमधून पडलेला बुश तसाच उचलून मोजला, लगेच पुष्पावतीच्या हातात दिला. तरीही दोन आकडे. म्हणजे फरक गरमपणाचा नव्हता. मायक्रोमीटर ठरलेल्या मापाच्या पोलादी तुकड्यावर लावून पाहिला, तोही बरोबर. मग तो तिच्या हाताकडं बघत बसला, आणि त्याला उमगलं. टोकाची खुटी न फिरवता ती मुठीनं पिळत होती. मऊ नायलॉन दबत होतं आणि माप कमी भरत होतं.

"पुष्पाबाई, लई आवळता तुमी. ही खुटी फिरवा, कटकट वाजली की थांबा."

तिचा चेहरा उतरला. "शिकते मी. पन सायबाम्होरं हे काढू नका."

"आन् फक्रुद्दीनचं काय?"

तिनं मायक्रोमीटर पेटीत ठेवून झाकण लावलं.

त्याच्या मनातला हिशेब सरळ होता. आपल्या हाती बुश मोठे भरतात ते मशीनवरून नुकतेच पडलेले असतात म्हणून. नायलॉन गार झालं की आकसतं. पुरते गार झालेले बुश नीट मोजले, तर दोघांचंही माप एकच आणि बरोबर येईल आणि फक्रुद्दीन सुटेल. शुक्रवारी त्यानं टोपलीभर बुश गार व्हायला ठेवून दिले.

शनिवारी साहेबांसमोर त्यानं पुष्पावतीला खुटी फिरवायला लावली. कटकट वाजली. मग त्यानं तोच बुश मोजला. दोघांचा आकडा एकच. दुसरा बुश, तिसरा; सगळ्यांचं तसंच.

"साहेब, माणसाचा दोष नव्हता! मोजायची पद्धत चुकत होती."

"शाबास," साहेब म्हणाले. मग त्यांनी बुशच्या नकाशातलं माप पाहिलं, पुन्हा आकडे पाहिले. "पण हे सगळेच मोठे आहेत. शेठ, तुमची डाय झिजलीय, साचाच मोठा झालाय. हा माल मी घेऊ शकत नाही. ऑर्डर बंद."

ही एकच ऑर्डर होती. नवी डाय करून घ्यायची शेठची ऐपत नव्हती. त्यांनी स्वतःच्या हातानं मशीनचं बटण बंद केलं. बायामाणसं डबे उचलून एकेक करून बाहेर पडली.

फाटकाबाहेर फक्रुद्दीन उभा होता. गहिनीनाथ त्याच्याजवळ गेला.

"तुज्यावरचा आळ तरी गेला," तो कसाबसा म्हणाला.

फक्रुद्दीननं हातातला डबा खाली ठेवला.

"डाय गेलीय हे शेठला मीच सांगितलं हुतं, गहिनी. बाईला आवळून मोजायला लावा, आळ माज्यावर घाला, मी एकटा जातो, बाकीच्यांच्या चुली पेटत्या ऱ्हाऊ द्या, हेबी मीच म्हनलो हुतो."