पुठ्ठ्याचे स्पीकर

निमकरांनी पुठ्ठ्याची कमरेएवढी दोन रिकामी खोकी हॉलच्या भिंतीशी उभी केली आणि मेजरिंग टेप काढली. घरी बांधायच्या स्पीकरचा हा नवा नमुना. निवृत्त झाल्यापासून ते नुसतं डिझाइनच निवडत होते. जुने स्पीकर तेव्हाच भाच्याला देऊन टाकलेले, त्यामुळे हॉलमध्ये गाणं असं वाजलंच नव्हतं.

“हे सगळ्यात साधं आहे, पण खर्ज नीट ऐकू येईल का, शंका आहे.”

“तुमचं होईपर्यंत आपल्या कानांना काही ऐकू येत असलं म्हणजे मिळवली,” त्यांच्या पत्नी सुलभाताई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाल्या.

निमकर पाठमोरे होऊन खिडकीपासूनचं अंतर मोजू लागले. तेवढ्यात सुलभाताईंनी स्वयंपाकघरातला रेडिओ आणून हळूच एका खोक्यात ठेवला आणि सुरू केला. एक जुनं भावगीत लागलं होतं. निमकरांचा हात टेपवरच थांबला आणि मान डोलू लागली.

“वा, खर्ज आहे की,” ते म्हणाले, आणि मग दचकून वळले. खोक्यात डोकावून पाहिलं.

“अगं, हा तर आपला रेडिओ.”

“असू दे. मान डोलली ना तुमची? मग हेच बांधा.”

दुसऱ्या खोक्याबद्दल ते काहीतरी बोलणार होते, पण सुलभाताईंनी रेडिओचा आवाज वाढवला.