चंद्रासारखा डोळा

"ही लेन्स कुणाच्याही डोळ्यात जाणार नाही," म्हणत सुखदेवने डबी ऋषीच्या हातात परत ठेवली.

ऋषी म्हणजे नाटकाचा दिग्दर्शक, कर्वेनगरातल्या कॉलेजात शिकणारा. नाटकात डोहाची राखण करणारी एक बाई होती. तिचा डावा डोळा चंद्रासारखा पांढरा हवा, म्हणून त्याने ऑनलाइन पांढरी लेन्स मागवली होती.

"काका, सगळे वापरतात," ऋषी म्हणाला. "आणि तुम्ही मेकअप करता, ऑपरेशन नाही."

सुखदेवने टोमणा गिळला. शोभेची लेन्स म्हणजे साऱ्या गावाला एकाच मापाची टोपी, असं त्याने समजावलं. डॉक्टरांची लेन्स ज्याच्या त्याच्या डोळ्याचं माप घेऊन बनते. हे सगळं तो शिकला होता, पण उशिरा.

बारा वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका सोसायटीत त्याने नागिणींचा नाच रंगवला होता. गाणंही त्यानेच रचलेलं, तिथल्या पाच मुलींपुरतं:

निळ्या डोळ्याची नागीण, निळ्या डोहावर आली,
डोही सांडलं चांदणं, घोट घोट ती प्याली.

एकेका कडव्याला एकेक नागीण. मुली पाच आणि निळ्या लेन्सची जोडी एकच. एकीचं कडवं सरलं की तो लेन्स गुलाबपाण्यात बुचकळून दुसरीला घालायचा. गुलाबपाण्याने डोळे थंडावतात, एवढंच त्याचं शास्त्र. शेवटची नागीण नऊ वर्षांची होती. सगळे तिला मैना म्हणत.

आठवड्याने कानावर आलं, मैनाचा डोळा लाल झालाय. चौकशीला जायचा त्याला धीर होईना. गेला तेव्हा दाराला कुलूप होतं. मंडळी पुणं सोडून गेली होती. बरा झाला असेल डोळा, असं तो तेव्हापासून रोज स्वतःला सांगत आला होता. रोज सांगावं लागत होतं.

"माझ्याकडे लेन्स आहे." कोपऱ्यातून पूर्णिमा बोलली. डोहावरच्या बाईचं काम तिने मागून घेतलं होतं, आणि मेकअप सुखदेवकाकांनीच करावा असा हट्टही धरला होता. "डॉक्टरांनी माप घेऊन केलेली. चार वर्षं वापरतेय."

"पण पांढरी दिसेल का?"

"डोळा पांढरा दिसेल, काका. ते माझ्याकडे लागलं."

सुखदेवला हायसं वाटलं. गुणी पोर. बोलताना मान जराशी तिरपी करायची. चहा घेताना आधी बोटाने कपाचा काठ चाचपायची. चटक्याला भीत असेल, असं त्याला वाटे.

प्रयोगाच्या दुपारी मेकअपच्या खोलीत उन्हाची तिरीप आली होती. तिच्यात पावडरीचे कण तरंगत होते, जणू ती खोलीच डोहाच्या तळाशी जाऊन बसली होती. सुखदेवने चेहऱ्यावर शिंपडायला गुलाबपाणी काढलं.

"ते नको, काका," पूर्णिमा हळूच म्हणाली. "साधं पाणी चालेल."

मेकअप झाल्यावर तिने साबणाने हात धुतले, कोरडे केले. पाठ फिरवून डोळ्याशी काहीतरी केलं. डबीचं झाकण टक् करून लागलं. ती वळली तेव्हा डाव्या डोळ्यात चंद्र उगवला होता. दुधाळ, कडेला जरासा धूसर.

"दिसतंय ना नीट?" सुखदेवने विचारलं.

"दिसतं तेवढं पुरे."

रंगमंचावर ती डोहाच्या काठी उभी राहिली आणि सभागृह पाण्यासारखं निवांत झालं. विंगेत उभ्या सुखदेवच्या मनात आलं, त्या वेळी असा एखादा डॉक्टर आपल्याला माहीत असता तर.

टाळ्या विरल्या. मुलं फोटोंसाठी बाहेर पळाली. पूर्णिमा एकटीच आरशापुढे बसून राहिली. सुखदेव कापूस घेऊन मागे आला.

"काढ आता ती लेन्स, बाळ. फार वेळ ठेवू नये."

"काढलेलीच आहे, काका."

तिने डबी उघडून त्याच्यापुढे धरली. आतल्या पाण्यात लेन्सवर रंगवलेलं एक तपकिरी बुबुळ तरंगत होतं, थेट तिच्या उजव्या डोळ्याच्या रंगाचं.

मग पांढरा डोळा आरशातून त्याच्यावर रोखून, मान जराशी तिरपी करून, ती गुणगुणू लागली, "निळ्या डोळ्याची नागीण, निळ्या डोहावर आली..."