फुकटचा कढीपत्ता

राजेश्वरीवहिनींनी अर्धा किलो गवारी पिशवीत ओतून घेतली. मंगल नेहमीसारखी कढीपत्त्याची जुडी वर टाकायला गेली, तर वहिनींनी पिशवीचं तोंडच आवळलं.

“नको गं. आहे माझ्याकडं. समोरच्या मार्टात मिळाला, फुकट!”

मंगलचा हात तसाच राहिला. सांगलीच्या बाजारात बसायला लागून तिला बारा वर्षं झाली होती. लोक भाव पाडून मागायचे, काट्यावरून हुज्जत घालायचे, पण कढीपत्त्याला नको म्हणणारी बाई आजवर भेटली नव्हती. अहो, कढीपत्त्याला कधी कुणी पैसे मागितलेत का! गिऱ्हाइकानं भाजी घेतली की एक जुडी वर टाकायची, बस्स.

“तीनशेच्या खरेदीवर एक पुडी देतात,” वहिनी खुशीत सांगत होत्या, “आणि वर कार्डावर दहा पॉइंट. मागच्या पॉइंटांत मी साबण आणलाय. म्हणून कांदा, बटाटा, टोमॅटो सगळं आता तिकडूनच. गवारी तेवढी त्यांची जून असते बघ.”

तरीच! महिनाभर मंगलची निम्मी भाजी पाटीत तशीच उरत होती. तासगावच्या पलीकडून पहिल्या एसटीनं यायचं आणि संध्याकाळी उरलेली भाजी घेऊन परतायचं, असं किती दिवस चालणार? आणखी महिना असाच गेला तर बाजारातली जागा सोडायची पाळी होती. वहिनींवर काय रागवायचं? त्यांचाही संसार काटकसरीचा.

“बघू तरी कसला कढीपत्ता हाय,” ती म्हणाली.

वहिनींनी पुडी काढली. चकचकीत पारदर्शक पिशवी, वर मार्टाचा शिक्का, खाली ‘आपल्यासाठी खास भेट’. आणि आत जुडीला बांधलेली हिरवी चिंधी.

मंगलनं पुडी डोळ्यांजवळ धरली. मग आपल्या पाटीतली जुडी उचलून शेजारी धरली. तीच चिंधी. सासूच्या फाटलेल्या लुगड्याचा काठ होता तो. रोज रात्री चुलीपुढं बसून मंगल तो टरकावायची आणि परड्यातल्या झाडाच्या डहाळ्या त्यानं बांधायची.

“हे माझं हाय!”

शेजारी लिंबू-आलं घेऊन बसलेला रहिमानचाचा वाकून बघायला लागला. “त्यो जोतीराम न्हाई का येत सकाळी, निळं जाकीट घालून? माझ्याकडनंबी दोन लिंबं वर मागून नेतो. पलीकडच्या समद्या बायांकडनं कढीपत्ता नेतो. म्या म्हटलं, एकटं पोरगं हाय, खाईल बिचारं. पर काल त्याला त्या मार्टाच्या मागल्या दारानं आत शिरताना बघितलं.”

जोतीराम! मंगलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज पावशेर वांगी घ्यायचा आणि कसनुसं तोंड करून म्हणायचा, मावशी, एकटाच राहतो, हातानंच रांधतो, जरा कढीपत्ता जास्त घाला की. आणि ही खुळी! एकाच्या जागी चार जुड्या घालायची. वर दोन मिरच्या. वर ‘लगीन कर की रं आता’ म्हणून मायेनं दटावायची!

“चाचा, माझ्या पाटीवर जरा ध्यान ठेवा.”

पदर कमरेला खोचून ती रस्ता ओलांडून गेली. मार्टाचं दार आपोआप उघडलं, आणि आतला गार वारा अंगावर आला तरी तिचा राग काही निवला नाही. गल्ल्यापाशी रांग होती. रांगेतली निम्मी तोंडं तिच्या ओळखीची. एकीनं मान फिरवली, एकीनं मोबाईल काढला. गल्ल्याच्या बाजूला टोपली भरून पुड्या ठेवलेल्या, आणि तिच्यात जागोजागी हिरवी चिंधी.

मंगलनं टोपलीत हात घालून एक पुडी उचलली.

“ओ मावशी!” गल्ल्यावरची मुलगी ओरडली. “तशी घ्यायची नाही. कार्ड आहे का? तीनशेची खरेदी झाली का?”

“बलीव त्या जोतीरामाला.”

जोतीराम मागून आला. आता अंगात जाकीट नव्हतं, मार्टाचा लाल टी-शर्ट होता. मंगलला बघून जागीच थबकला, पण लगेच सावरला.

“मावशी, वरडायला काय झालं? मी चोरला का? मागितला, तुमी दिला. तुमी तर समद्यांनाच फुकट देता की.”

खरंच, चोरी नव्हती. पोलिसात जाऊन सांगायचं तरी काय? मी आपल्या हातानं दिलं, म्हणून?

“दिला रं,” ती म्हणाली. “पर तुझ्या आमटीला दिला व्हता. तू जेवावंस म्हणून दिला. माझीच गिऱ्हाइकं वढायला न्हवं.”

रांगेतल्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. गल्ल्यावरच्या मुलीनं घाईघाईनं आवाज गोड केला.

“मावशी, असं करू. तुम्हाला एक पुडी देते मी. फक्त आधी कार्ड काढावं लागेल. नाव आणि मोबाईल नंबर सांगा.”

मंगलनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हातातली पुडी तिनं टोपलीत परत ठेवली.

“जोतीराम,” ती म्हणाली, “तू रोज हात पसरत व्हतास, तवा म्या कवा तुझं कार्ड मागितलं रं?”