कुलपाच्या आतली ओळ

सकाळी लेखाचं कुलूप निघायचं होतं, म्हणून ती दातही न घासता लॅपटॉपपाशी बसली. बघते तर 'तटस्थ' तिच्या आधीच येऊन गेलेला. ऑनलाइन घेतलेलं नाव बघा माणसाचं! आठवडाभर टपून बसला होता पठ्ठ्या. त्याने लेखातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, फक्त एका ओळीपुढे संदर्भ जोडला होता. कालच्या पेपरचा.

ओळ अशी होती : 'लाँच बुडू लागताच चालकाने सर्वांत आधी उडी मारली.'

तो चालक आत स्वयंपाकघरात चहा गाळत होता. तिचे बाबा.

सगळ्यांनी मिळून लिहायच्या त्या ऑनलाइन ज्ञानकोशात ती प्रचालक होती, म्हणजे भांडणं सोडवणारी. काम फुकटचं, वर शिव्या. लाँचच्या अपघातावरच्या लेखात तटस्थने ती ओळ घातली आणि बाबांनी त्यापुढे लिहिलं, 'खाली पाण्यात पोरं झेलायला.' तटस्थने ते खोडलं. बाबांनी परत लिहिलं. छापील पुरावा दोघांकडेही नव्हता, आणि कुणी माघार घेईल तर शपथ. शेवटी तिने नियमाप्रमाणे लेखाला आठवड्याचं कुलूप ठोकलं, तोवर कुणी काही बदलायचं नाही. कुलूप लावताना जो मजकूर समोर असेल तोच आत राहतो, प्रचालकाने आवडनिवड करायची नसते. त्या क्षणी समोर तटस्थचा मजकूर होता.

खरं तर बिनपुराव्याची ओळ काढून मग कुलूप लावणंही नियमात बसत होतं. दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल असती, तर तिने ती डोळे झाकून काढली असती. पण हा हिचाच बाप, असं उद्या कुणाला कळलं तर? लोक म्हणणार, कुंपणानेच शेत खाल्लं. तिला चोख राहायचं होतं. घ्या आता चोखपणा! कुलूप असतानाच अपघाताचा स्मृतिदिन आला. कुणा वार्ताहराने तो लेख उघडला आणि ती ओळ उचलून जशीच्या तशी छापली. लेखातून पेपरात गेलेली ओळ तटस्थने आता पेपरातून लेखात आणली होती, पुराव्यासकट. चर्चेच्या पानावर लोकांनी लिहायलाही सुरुवात केली होती : 'पेपरात आलंय ना, मग राहू द्या.'

"बाबा, कालचा पेपर कुठे आहे?"

"रद्दीत टाकला. होतं काय एवढं त्यात!"

"मी वाचलंय आत्ता."

बाबांनी कप तिच्यासमोर आणून ठेवला. काल दिवसभर त्यांनी तो पेपर तिच्या हाती लागू दिला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"उडी आधी मीच मारली गं," ते म्हणाले. "त्यात खोटं काहीच नाही. वरून बायका आपापली पोरं खाली सोडत होत्या. झेलायला खाली कुणीतरी नको?"

"ते कुठे छापून आलं असतं, तर..."

"कोण छापणार? झेललेली पोरं? एवढी एवढीशी होती ती. त्यांना काय आठवतंय, कपाळ!"

तिने लॅपटॉप मिटला. चहावर साय धरू लागली, तरी तिने कपाला हात लावला नाही.

"बाबा, ते कुलूप मी लावलं होतं." तिला रडूच आलं. "ती ओळ काढता येत होती मला. नाही काढली मी."

"कुलूप तू लावलंस, ते ठाऊक आहे मला. कुलपाची सूचना आली, तिच्यात नाव होतं की तुझं." बाबा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि पंच्याने हात पुसत राहिले. "बरं वाटलं होतं मला तेव्हा. म्हटलं, सुटलो, आता भांडायला नको. कुलूप आपल्याच पोरीचं आहे, आत घाण ठेवून थोडीच लावेल ती! म्हणून तर मी नंतर लेख उघडून बघितलाच नाही."