डिकीवरची अक्षरं

हेअर ड्रायर जागेवर नव्हता. ती ओल्या केसांनीच शोधत अंगणात आली. सासरे गाडीमागे उकिडवे बसले होते. खिडकीतून वायर बाहेर ओढलेली, आणि तिचा ड्रायर डिकीवर गरम वारा सोडत होता.

त्यांनीच कधीकाळी तिथे चिकटवलेल्या ‘रस्ता रुंद झालाच पाहिजे’मधलं ‘रस्ता’ निघालं होतं. पुढचं एकेक अक्षर ते बोटांनी चाचपून नखाने सोलत होते. डोळे अधू झाल्यावर त्यांनी आपणहून गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली होती. आज ती पहिल्यांदाच गाडी घेऊन ऑफिसला जाणार होती, आणि संध्याकाळी तिथून सभेला. त्याच रस्त्यावरची झाडं वाचवायच्या सभेला. ही अक्षरं मिरवत तिथे कसं जायचं, हे आठवडाभर तिच्या ओठांवर येऊन परत फिरत होतं.

“बाबा, मी काही म्हटलं का तुम्हाला?”

“कुठे काय? नुसती माझ्या चहात साखर वाढत चालली होती. तेव्हाच ओळखलं.”

शेवटचं अक्षर निघालं. त्यांनी ओल्या फडक्याने डिकी पुसली, आणि तिला हसू आवरेना. गाडीचा हिरवा रंग उन्हाने विटला होता, अक्षरांखालचा मात्र कोरा करकरीत. रस्ता रुंद झालाच पाहिजे. आधीपेक्षा ठसठशीत.

तिने वाचून दाखवलं तेव्हा तेही हसले.

“यात माझा काही हात नाही हं. आण तुझं ते पर्समधलं स्टिकर, चिकटव त्यावर.”

तिने ‘एकही झाड तोडू देणार नाही’ आणलं. पण त्यावर नाही, खाली चिकटवलं.

“वाकडं लागलंय,” ते म्हणाले.

“दिसलं तुम्हाला?”

“तू लावलंस ना, मग बघायला कशाला हवं?”

लेकीला पाळणाघरात सोडायचं होतं. आजोबा तिला मांडीवर घेऊन मागे बसले. कोपरा वळून त्याच रस्त्याला लागतात तोच समोर बस, शेजारी ट्रक. गाडी जागची हलेना. घड्याळ पुढे पळत होतं.

“रस्ता आहे की बोळ,” तिच्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावून तिने आरशात पाहिलं.

सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी सावकाश काच खाली केली, नातीचा हात धरून जरासा बाहेर काढला.

“बघ गं चिमणे,” ते म्हणाले, “काय गार सावली आहे.”