पाठीचा सांधा

शिवतेज सीवूड्सच्या एका कंपनीत हौशी संग्राहकांसाठी महागड्या अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे सांध्यांत हलणाऱ्या छोट्या मूर्ती, घडवतो. यंदा साहेबांना अचानक कष्टकऱ्यांचा पुळका आला आणि बाजारातला हमाल करायचं ठरलं. शिवतेजच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, साताऱ्याहून येऊन वाशीच्या मार्केटात चाळीस वर्षं पोती वाहिलेली. म्हणजे नमुना घरातच, तोही फुकट.

मग वाद पेटला. पाठीत सांधा दिला तर हमाल वाकेल, सरळही होईल. पण सांध्याची चीर नेमकी मणक्यावरून जाणार आणि इतक्या मेहनतीने कोरलेले स्नायू, घामाने चिकटलेली बंडी, सगळ्याची माती होणार. लॅपटॉपची बॅगसुद्धा ड्रायव्हरला उचलायला लावणाऱ्या साहेबांनी तीन मीटिंगा घेऊन हमालाच्या पाठीचा निकाल लावला. कोरीवकाम राहील, सांधा जाईल.

पहिला नग शिवतेजने घरी आणला. आबांनी त्याचे हात फिरवून पाहिले, गुडघे दुमडले, मग अंगठा लावून वाकलेली पाठ सरळ करायला गेले. ती काही हलेना.

"सॉरी आबा," शिवतेज ओशाळला. "बाकी सगळं हलतं, पण पाठ तेवढी सरळ होत नाही. तिथंच चुकलं आमचं."

आबांनी एक हात कमरेवर ठेवला आणि नेहमीसारखं वाकूनच हमाल टीव्हीशेजारी नेऊन ठेवला.



"चुकलं कुटं रं? माजी तरी कुटं व्हतीया?"