हातचा एक

सर शाळेच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसले होते आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होते. अकराला वीस कमी. अकराला नातीच्या वर्गाची सहल काचेच्या पुलावर चढणार होती.

आणि तो पूल उभारणाऱ्यांपैकी एक समोर माइक ठाकठीक करत होता. सरांचाच विद्यार्थी. वर्गात त्याचं नाव ‘हातचा’. बेरीज करताना हातचा एक धरायला हमखास विसरायचा, म्हणून सरांनीच ठेवलेलं.

सकाळी बायको म्हणाली होती, "किती जीव टांगणीला लावून घेता? लांबलांबून माणसं येतात तो पूल बघायला."

"तू त्याच्या वह्या तपासल्या नाहीस," सर म्हणाले होते.

पोरगं प्रेमळ मात्र होतं. गेल्या वर्षी त्याने नुसत्या बेरजांचा एक गठ्ठा पाठवला होता, सोबत चिठ्ठी. ‘सर, पूर्वीसारखा एकदा लाल पेन फिरवा.’ सरांच्या डोळ्याचं तेव्हा ऑपरेशन झालेलं, पट्टी बांधलेली. चिठ्ठी बायकोने वाचून दाखवली. जुन्या दिवसांची गंमत, दुसरं काय, असं म्हणत सरांनी पानापानावर बरोबरच्या खुणा ओढल्या आणि खाली झोकात सही ठोकली.

हातचा छान बोलत होता. काचा, तारा, दरीतला वारा. सभागृहातली मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"भीती नाही वाटली?" एका मुलीने विचारलं.

"वाटली ना! काचेची नाही, माझ्या बेरजेची." सगळे हसले. सर हसले नाहीत. "पुलावर एका वेळी किती माणसं सोडायची, तो आकडा मी काढला. महिनाभर आम्ही निम्मीच सोडत होतो. आज अकरा वाजता पहिल्यांदा पूर्ण आकडा."

सरांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

"पण आमच्यात एक नियम आहे. शेवटची बेरीज दुसऱ्या कुणी जाणकाराने तपासायची. सहीनिशी."

सरांनी सुस्कारा सोडला. दुसऱ्या कुणी. चला, कुणीतरी डोकं ठिकाणावर असलेला माणूस होता तर! त्यांच्या जिवात जीव आला. उगाच बिचाऱ्या पोरावर संशय घेतला, असं वाटून त्यांना लाजही वाटली.

"मला तर एकच नाव सुचलं," हातचा म्हणाला. "ज्यांच्या हातून माझी एकही चूक कधी सुटली नाही."

पडद्यावर एक पान उमटलं. आकड्यांच्या रांगा, लाल खुणा, खाली झोकदार सही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिका बाईंनी सरांना हाताला धरून उभं केलं. बाहेर अकराचे ठोके पडू लागले.

सरांना आता लांबचं अगदी स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्या बेरजेत हातचा एक धरायचा राहिला होता.